लोखंड्याच्या डोक्यातला माणूस

बिदर जिल्ह्यातल्या भालकीला आमच्या गल्लीत एका घराबाहेर संध्याकाळी चपलांचा ढीग पडलेला असायचा. नवखा माणूस थबकून विचारायचा, "आत काय, भजन चाललंय का?" आम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगायचो, "न्हाई, लोखंड्या चालू हाय." त्यावर तो माणूस आणखीनच गोंधळायचा आणि बहुतेक वेळा चपला काढून आत डोकवायचा. अशानंच गर्दी वाढत गेली.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची, व्हिडिओ भाड्यानं मिळायला नुकते लागले होते तेव्हाची. मी तिथल्या मराठी शाळेत शिक्षिका होते. कोहिनूर या आमच्या गावाहून आई माझ्यासोबत राहायला आली होती. आमच्या भाड्याच्या खोलीची मागची भिंत आणि शेजारच्या मुसलमान कुटुंबाची भिंत एकच. त्या घरात भाभी, तिची सासू, जिला सगळी गल्ली दादी म्हणायची, आणि पहिलीत जाणारी एक पोरगी. घरचा कर्ता पुरुष कुवेतला क्रेन चालवायला गेलेला. तो गेला तेव्हा पोरगी रांगत होती. मधली एक सुट्टी काही कारणानं हुकली आणि तिला बाप ठाऊक होता तो भिंतीवरच्या फोटोपुरता.

तो फोटोही काय! एक भलीमोठी पिवळी क्रेन, तिचा हात आभाळात गेलेला, आणि खाली कोपऱ्यात नखाएवढा माणूस. तोंड कसलं ते दिसायचंच नाही. पोरगी शाळेला जाताना रोज त्या फोटोला सलाम करायची आणि आल्यागेल्याला दाखवायची, "ये मेरे अब्बा." बोट नेमकं क्रेनच्या हातावर ठेवलेलं. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. भाभी हसायची, दादी हसायची, मीही हसायची. पोर खरंच तसं समजून बसलीय हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी तर दिवसभर पोरांच्यातच असायची, पण माझ्याही नाही.

मग तिचे अब्बा, गल्लीचे भाईजान, सुट्टीवर आले. हैदराबादहून जीप करून आले, टपावर दोरीनं बांधलेला रंगीत टीव्ही, व्हिडिओ, ब्लँकेटं, खजुराचे डबे. गल्ली लोटली. पोरगी नवा फ्रॉक घालून ओट्यावर उभी होती. जीपमधून एक बुटका, जरा वाकलेला, कमरेला रुंद पट्टा बांधलेला माणूस उतरला आणि हात पसरून तिच्याकडं आला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, त्याला वळसा घालून ती जीपच्या मागं गेली, मग रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. पिवळं काही येत नव्हतं. मग ती जी आईच्या मागं लपली ती लपलीच.

त्यांनी बाहुली दिली, ती घेतली. चॉकलेटं घेतली. पण एखाद्या दुकानदाराकडून घ्यावीत तशी, हात लांब करून. लोकांपुढं ते हसत होते. चार दिवसांनी मात्र माझ्या आईजवळ ओसरीत बसले आणि म्हणाले, "मावशी, दोन महिन्याची सुट्टी हाय. सरायच्या आत पोरगी एकडाव अब्बा म्हणली की बास. दुसरं कायबी नको मला."

आई म्हणाली, "म्हणंल की बाबा. कामून जीवाला लावून घ्यायलास? लेकरू हाय ते." पण ते उठून गेल्यावर ती शेंगा फोडताना दाणे टरफलांत टाकत होती.

त्यांनी एक बेत आधीच आखून आणला होता. कुवेतला ज्या खोलीत ते राहायचे तिथं टीव्हीवर रोज संध्याकाळी लहान मुलांसाठी एक जपानी कार्टून लागायचं. प्रचंड मोठा लोखंडी माणूस आणि त्याच्या लढाया. आपली पोरगी असती तर नाचली असती, असं वाटून त्यांनी कामावरून आल्यावर आंघोळही न करता ते कॅसेटवर भरून घेतलं होतं. सगळं नाही, सापडलं तेवढं. एका रविवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्या गल्लीला बोलावलं. मी वह्या तपासत होते. शिक्षिकेनं कार्टून बघायला जायचं म्हणजे काहीतरीच. पाच मिनिटं बसून येऊ, म्हणून आईला घेऊन गेले.

भाईजाननी कॅसेट आत ढकलली. पडदा उजळला आणि धीरगंभीर आवाजात गाणं सुरू झालं. अरबीत! तिकडच्या लोकांनी आपल्या मुलांसाठी अरबी करून घेतलेलं ते कार्टून होतं. दादीनं ती भाषा ऐकली आणि लगबगीनं डोक्यावरून ओढणी घेतली, दोन्ही तळहात उघडले, डोळे मिटले. तिचं बघून माझ्या आईनं डोक्यावर पदर घेतला आणि मला कोपर मारलं, "चपला काढ आगुदर, चपला! त्यांची वंदना चालू हाय." मी काढल्या. माझं बघून बाकीच्यांनी काढल्या. आणि त्या तशा हात जोडलेल्या, डोकी झाकलेल्या सभेसमोर समुद्र दुभंगला आणि लाल-निळ्या लोखंडाचा डोंगराएवढा माणूस पाणी गाळत वर आला.

"ह्यो कोण गं?" आईनं हळूच विचारलं.

मी भाईजानकडं पाहिलं. ते घामाघूम झाले होते. डोळे मिटून बसलेल्या स्वतःच्या आईला, हे पोरांचं कार्टून आहे, असं सांगायची त्यांची छाती होईना. शेवटी लोखंडी माणसानं एका उडत्या तबकडीला लाथ घातली त्या दणक्यानं दादीनं डोळे उघडले. थोडा वेळ तिनं नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "ज़बान तो पाक है ना. सुनने में क्या जाता," आणि ओढणी तशीच ठेवून पुढं सरकून बसली. तेव्हापासून त्या खोलीत चपला घालून कुणी गेलं नाही.

मी पाच मिनिटांसाठी गेले होते आणि भाग संपला तेव्हा माझ्या मांडीवरचा रुमाल ओला होता, हे आता सांगायला हरकत नाही. मला कार्टून म्हणजे मांजर-उंदराची पळापळ एवढंच माहीत. इथं माणसं होती. वाटीएवढ्या डोळ्यांची, वाऱ्यावर भुरभुरणाऱ्या केसांची. रडायला लागली की लिंबाएवढे थेंब गालावरून घरंगळायचे. कुणी मेलं तर ते पुढच्या भागात जिवंत होऊन येत नव्हतं. त्याच्या थडग्यावर पाऊस पडायचा आणि गोष्टीतला हिरो, एक लांब केसांचा पोरगा, भिजत उभा राहायचा. मग भोंगा वाजायचा, तो डोळे पुसून धावत जायचा, लोखंडी माणसाच्या डोक्यात चढून बसायचा आणि ते अवाढव्य धूड त्याच्या रागानं हलायला लागायचं. रंग तर असे की आमच्या शाळेतल्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीची मला लाज वाटली. मला ते सगळं प्रचंड आवडलं. इतकं की दुसऱ्या दिवशी शाळा सुटायची वाट पोरांपेक्षा मीच जास्त पाहिली.

रोबो हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचलेला होता आणि तो सगळ्यांना शिकवायचा मी प्रयत्नही केला. आईनं तो मोडीत काढला आणि लोखंड्या म्हणायला सुरुवात केली, तेच नाव गल्लीभर झालं. आईला प्रश्नही फार. "ह्याला तेल किती लागत आसंल?" "त्यो पोरगा कामून रडायलाय? एवढं यंत्र हाताखाली असून?" "आन् हेंच्या गावात रोज घरं पडतेत, बांधतंय कोण परत?" हा शेवटचा प्रश्न भाईजानना फार पटला. बांधकामावरचा माणूस ना. "आमच्यासारखेच बांधत आसतील मावशी," म्हणाले.

अरबी कुणालाच कळत नव्हतं. म्हणून भाईजान टीव्हीशेजारी उभे राहून सांगत जायचे. हा वाईट राजा, हा त्याचा सेनापती, आणि तुम्हाला सांगतो मंडळी, हा सेनापती म्हणजे आपल्या हिरोचा सख्खा भाऊ. खोलीभर हाय हाय व्हायचं. त्यांचं सगळं सांगणं उंबऱ्यावर बसलेल्या एकीसाठी होतं, हे आम्हाला दिसत होतं. ती बाहुली मांडीवर घेऊन दाराला टेकून बसायची. टीव्ही बघायची, पण भाईजान तिच्याकडं वळले की चटकन बाहुलीचे केस विंचरायला लागायची.

तिच्याशी त्यांचं पहिलं बोलणं झालं ते तोंडानं नाहीच. क्रेनवर काम करणाऱ्यांची एक हातांची भाषा असते. खालून एक माणूस खुणा करतो आणि वरचा क्रेन चालवतो, कारण गोंगाटात काही ऐकू येत नाही आणि कामावर दहा देशांची माणसं असतात. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळवा खाली करून हवेत दाबला की उतरव. मूठ मिटली की थांब. गोष्ट रंगात आली की भाईजानचे हात आपोआप चालायचे. लोखंड्या पाण्यातून वर यायला लागला की त्यांचं बोट फिरायला लागायचं, तो जमिनीवर उतरायला लागला की तळवा दाबला जायचा. त्यांना स्वतःला ते ठाऊकही नव्हतं.

एका संध्याकाळी मी पाहिलं, उंबऱ्यावर बाहुलीच्या आडून एक छोटं बोट गोल फिरतंय.

मी भाईजानना नजरेनं खुणावलं. ते शहाणे होते. त्यांनी नुसती मूठ मिटली. तिनंही मिटली. त्यांनी तळवा खाली केला. तिनंही केला. मग दोघं पुन्हा टीव्ही बघायला लागले, जसं काही झालंच नाही.

कॅसेटी थोड्या, सुट्टीचे दिवस जास्त. त्यामुळं तेच भाग पुन्हा पुन्हा लागायचे. तो सेनापतीचा भाग तिसऱ्यांदा लागला तेव्हा भाईजान रंगात येऊन म्हणाले, "आता हा सेनापती कोण? तर हिरोचा चुलता!"

"झूट!"

सगळ्यांच्या माना उंबऱ्याकडं वळल्या. पोरगी उभी राहिली होती, बाहुली एका पायाला धरून लोंबकळत होती. "कल तो भाई बोले थे!" ती ओरडली. "अब चाचा कायकू?"

भाभीनं तोंडावर हात ठेवला. दादी म्हणाली, "ए छोकरी!" आणि भाईजान? पोरीनं सबंध गल्लीसमोर लबाड ठरवलं होतं आणि माणूस असा फुलला होता की बघत राहावं. त्यांनी कानाची पाळी धरली. म्हणाले, खरं आहे, मला अरबी येत नाही. वर, खाली, हळू आणि खलास, एवढेच शब्द येतात. क्रेनवर बसल्यावर पाचवा लागत नाही. बाकीची गोष्ट मीच रचतो. "अब तू बता, भाई है की चाचा?"

खोलीत एकच हशा पिकला. इतके दिवस ज्या भाऊबंदकीसाठी आम्ही डोळे पुसत होतो ती या माणसाच्या मनची होती. आई तर म्हणाली, "मला वाटलंच, तोंडवळा कुठं मिळायलाय दोघांचा?" पण पोरगी हसली नाही. ती विचार करत पुढं आली, टीव्हीजवळ बसली आणि थोड्या वेळानं निकाल दिला, "भाईच."

तिथून गोष्ट दोघं मिळून सांगू लागले. म्हणजे ते सांगायचे आणि ती मोडून काढायची. दुष्ट राजाला तिनं तीन मुली दिल्या, त्यांतल्या एकीचं लग्न भालकीत लावलं. भांडणं तर अशी कडाक्याची व्हायची की एकदा दादीला मध्ये पडावं लागलं. पण त्यांना हाक मारायची तर ती "ओ, सुनो" म्हणायची. त्यापुढं गाडी जात नव्हती आणि सुट्टी सरत चालली होती. भाभी माझ्याजवळ म्हणाली, "बोलायलीय ती, हेच लई झालं." मी हो म्हटलं, पण मला काही ते पटलं नव्हतं. मला तो एक शब्द हवा होता, जणू माझीच सुट्टी संपत होती.

एक दिवस तिनं विचारलं, "ये लोखंड्या किसकी सुनता?"

भाईजान म्हणाले, "किसकी बी नै. अंदर आदमी बैठा है ना, सिर में. वो हिलाया तो हिलता. वो उतर गया तो ये खाली लोहा."

ती उठली. आतून स्टूल ओढत आणलं, भिंतीवरच्या फोटोखाली ठेवलं आणि वर चढली. क्रेनच्या हातापासून तिचं बोट हळूहळू खाली आलं, चाकांपाशी आलं आणि त्या नखाएवढ्या माणसावर थांबलं. मागं न बघता तिनं विचारलं, "ये तुम?"

"हौ," भाईजान म्हणाले. "फोटोवाल्यानं लई लांबून काढलाय," हे मात्र ते मराठीत, आम्हाला म्हणाले, जणू आमची माफी मागत होते.

ती स्टुलावरून उतरली. टीव्हीजवळ आपल्या जागी येऊन बसली. पण त्या दिवशी बाहुली उंबऱ्यावरच राहिली.

शेवटची कॅसेट त्यांनी जायच्या आदल्या दिवसासाठी राखून ठेवली होती. खोली गच्च भरली, खिडकीतही तोंडं. भाभीनं चुरमुऱ्यांचा सुसला केला होता, खजूर फिरत होते. आणि काय तो भाग! लोखंड्याचा एक हात तुटला, छाती फुटली, आतल्या पोराच्या कपाळातून रक्त आलं, आणि तरी तो उठला. माझ्या आईनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. शेवटी राजाचा किल्ला कोसळला. डोंगरावर, मावळत्या उन्हात लोखंड्या एकटा उभा राहिला, गाणं सुरू झालं, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, चांगल्या जोरात.

फक्त पोरगी टीव्हीच्या काचेला नाक लावून काहीतरी शोधत होती. गाणं संपलं, पडद्यावर मुंग्या आल्या. ती वळली.

"वो उतरा क्या नै?"

"कौन?"

"अंदर का."

भाईजाननी कॅसेट मागं नेली, पुन्हा लावली. नाही. डोंगर, ऊन, लोखंड्या, गाणं, मुंग्या. आतला माणूस काही उतरत नव्हता. "उतरा होगा ना बाद में," ते म्हणाले.

तिला ते मान्य नव्हतं. भुवया आक्रसून ती म्हणाली, "सुबे से बैठा है. खाना कब खाता? उसकी पीठ नै दुखती?" आणि त्यांच्या कमरेच्या पट्ट्याकडं बघत, त्याच दमात, "अब्बा, तुम बी खाना उप्परच खाते?"

"हौ," ते म्हणाले, "डब्बा उप्परच ले जाता मैं. कोन उतरता बार बार..."

बोलता बोलता ते थांबले. खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेलं होतं, त्यांना सगळ्यांत शेवटी गेलं. पोरीला तर आपण काही विशेष बोललो याचा पत्ताच नव्हता, ती उत्तराची वाट बघत उभी होती. भाईजान "पानी लाता," म्हणत उठले आणि पाण्याचा तांब्या समोर भरलेला असताना आत निघून गेले. माझी आई पदरानं डोळे पुसत खेकसली, "लाईट लावा की कुणीतरी! अंधारात काय बसलाव?" दिवा लावलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली बस स्टँडवर गेली. हैदराबादची बस लागली. भाईजान खिडकीत बसले. पोरगी आईच्या कडेवर चढायला तयार नव्हती, खाली उभी राहून वर बघत होती. रडतही नव्हती. बस चालू झाली, आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येईना. तेव्हा तिनं हात पुढं केला, तळवा खाली केला आणि हवेत दाबला. पुन्हा दाबला. उतरा. उतरा.

भाईजाननी खिडकीतून हात बाहेर काढला. बोट वर उचललं नाही, तळवाही दाबला नाही. हात तसाच बाहेर राहिला आणि बस वळली.

मला वाटलं, आता पोर आठवडाभर जेवायची नाही. पण संध्याकाळी पाहते तर चपलांचा ढीग होताच. ती टीव्हीशेजारी उभी राहून गोष्ट सांगत होती, बापापेक्षा चढ्या आवाजात. लढाई ऐन भरात आली की ती मूठ मिटायची आणि खटकन टीव्ही बंद करायची. लोक ओरडायचे. ती ठणकावून सांगायची, "उसकू खाना खाने दो." दादी तिला खजूर द्यायची, तो खाऊन होईपर्यंत लोखंड्या बंद. मग पुन्हा चालू. आम्ही सगळे निमूट थांबायचो.

पुढं काही महिन्यांनी शाळेतून येत होते तर ती गल्लीच्या तोंडापासून पळत आली. आमच्या दारात चपला भिरकावल्या आणि थेट आईच्या मांडीवर एक फोटो टाकला. कुवेतहून आला होता. आईनं तो लांब धरून पाहिला, मग मला दिला. त्यात क्रेन नव्हती. मागं कुठंतरी पिवळा पुसट पट्टा दिसत होता तेवढाच. सगळा फोटो भाईजाननी व्यापला होता. कपाळावरची आठी, दाढीतला पांढरा केस, सगळं दिसावं इतक्या जवळून काढलेला. जमिनीवर उभे होते आणि एक हात विचित्र पुढं केलेला, तळवा खाली.

"हात कामून असा धरलाय त्येनं?" आई म्हणाली. "लागलंय का काय?"

"नै नानी," पोरगी म्हणाली. तिनं आपला हात तसाच पुढं धरून दाखवला. आनंदानं तिला धड उभं राहवत नव्हतं. "देखो ना! अब्बा उतरे!"